पाय पुसायचा टॉवेल

"झगा काढ," फादर म्हणाले. "आज फक्त मुलगे सेवा करतील."

माझी नात वेदीमागच्या खोलीत उभी होती. त्या खोलीला सॅक्रिस्टी म्हणतात. फादर तिथे मिस्सेचे, म्हणजे आमच्या उपासनेचे, कपडे घालतात, आणि वेदीवर सेवा करणारी मुलंही तिथेच तयार होतात. बाहेर चर्च भरलं होतं. पवित्र गुरुवार होता, प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करायचा दिवस. मिस्सा सुरू व्हायला थोडाच वेळ होता.

पोरीनं कमरेची दोरी सोडली, झगा डोक्यावरून काढला आणि नीट घडी करून टेबलावर ठेवला. झग्याखाली तिनं शमीज आणि घरातली अर्धी चड्डी घातली होती. एप्रिल महिना, नागपूरचं ऊन, म्हणून मीच सकाळी तिला म्हटलं होतं की आत जाड काही घालू नको. झगा चुरगळू नये म्हणून ती घरूनच तो घालून आली होती. बदलायला दुसरं काही नव्हतं. दोन हात छातीवर धरून ती उभी राहिली, आणि दोन मुलगे खाली पाहत उभे राहिले.

सॅक्रिस्टीला मागे दार आहे. त्या दारापुढे कूलर लावला होता आणि बाहेरून कुलूप होतं. दुसरी वाट एकच, वेदीच्या बाजूनं, सगळ्या लोकांपुढून.

"फादर, पोरगी अशी कशी जाईल?" मी विचारलं.

"बाई, उशीर होतो आहे," ते म्हणाले, झगा उचलून कपाटात टाकला आणि गळ्यात पट्टा घालू लागले.

टेबलावर एक मोठा पांढरा टॉवेल होता. मीच धुऊन, इस्त्री करून आणला होता. पाय धुताना फादर तो कमरेला बांधतात आणि त्यानंच पाय पुसतात. मी तो उचलला, पोरीच्या खांद्यावरून गुंडाळला आणि तिला घेऊन बाहेर निघाले. वेदीपुढून, बारा खुर्च्यांपुढून, बाकांच्या मधल्या वाटेनं, थेट मागच्या दारापर्यंत. पुढच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "अवं, हे काय घालून राहिली पोरगी?" ते मी ऐकलं. पोरीनंही ऐकलं.

माझी सून मागच्या बाकावर होती. तिनं पोरीला स्कूटरवर बसवलं आणि घरी घेऊन गेली. टॉवेल पोरीच्या अंगावरच गेला.

मी नाही गेले. राग आल्यावर घरी जाऊन रडणाऱ्यांतली मी नाही.

त्या दिवशी मुलींतून एकट्या पोरीची पाळी होती, ती घंटा वाजवणार होती. पवित्र गुरुवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणताना घंटा वाजते, आणि त्यानंतर ईस्टरच्या रात्रीपर्यंत चर्चमध्ये घंटा वाजत नाही. वर्षातली ती घंटा सगळ्यात मानाची. घरी तिनं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून सवय केली होती. आम्ही सगळे कंटाळलो होतो त्या आवाजाला. मी म्हणायची, "बंद कर वं बाई, देवाले ऐकू जाते." ती म्हणायची, "देवाले नाही आजी, मागच्या बाकावरल्या बुढ्याले ऐकू गेलं पाहिजे." तो बुढा म्हणजे आमच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रवचनात झोपणारा एक म्हातारा.

घंटा त्या दिवशी एका मुलानं वाजवली. तो नाताळनंतर पहिल्यांदाच चर्चमध्ये आला होता. कुठे थांबायचं ते त्याला कळलं नाही, ग्लोरिया संपलं तरी तो वाजवतच राहिला. त्याचा काही दोष नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या नातीला शिकवलं होतं, आणि तिलाच काढलं होतं.

मी चौथी शिकलेली बाई. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत होते, मग घरात भावंडं सांभाळायला बसवलं. नवरा उमरेडकडे कोळशाच्या खाणीत होता. तिथे आमची ख्रिस्ती घरं थोडी. महिन्यातून एकदा फादर यायचे आणि कुणाच्या तरी अंगणात मिस्सा व्हायची. वेदी म्हणजे आमचं जेवायचं टेबल. त्यावर चादर अंथरायची मी, मेणबत्त्या लावायची मी, मागाहून टेबल पुसायची मी. मिस्सा चालू असताना मात्र मी टेबलापासून दूर, बायकांत. तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही. जे लहानपणापासून पाहिलं ते बरोबरच असणार, असं वाटायचं.

तिथेही पवित्र गुरुवारी पाय धुतले जायचे. आमच्यात त्याची एक रीत आहे, ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. फादर ज्यांचे पाय धुणार, त्यांच्या बायकांनी ते पाय घरी आधी घासून द्यायचे. फादरच्या हातात घाणेरडा पाय कसा द्यायचा? माझ्या नवऱ्याच्या टाचांच्या भेगांत कोळसा बसलेला असायचा. सकाळपासून घमेल्यात गरम पाणी, सोडा, पाय घासायची वजरी घेऊन मी बसायची. घासून घासून माझी बोटं सोलायची. नवरा म्हणायचा, "हळू नं, सालटं काढतं का?" मी म्हणायची, "मंग काळे पाय दाखव फादरले." संध्याकाळी फादर त्या पायावर तांब्याभर पाणी ओतायचे, टॉवेल लावायचे, आणि लोकांचे डोळे भरून यायचे. किती नम्र फादर.

आजही नागपूरच्या कडेच्या बेशात आमच्या चर्चमध्ये हीच रीत आहे. नवरा गेल्यावर मुलानं बेशाला घर बांधलं आणि मी त्याच्याकडे आले. तिथलं चर्च नवीन आहे. टाइल्स आहेत, पंखे आहेत, माइक आहे. पण पवित्र गुरुवारी सकाळी बेशातल्या ख्रिस्ती घरांच्या मोऱ्यांत पाहा. बायका खाली बसलेल्या असतात आणि पुरुष स्टुलावर मोबाइल पाहत असतात.

आधीचे फादर म्हातारे होते. वेदीवर सेवेला मुलगे मिळत नव्हते. कुणाची ट्यूशन, कुणाचं क्रिकेट. एका रविवारी फादरांनी सरळ विचारलं, मुली कोण येतात? माझी नात तेव्हा लहान होती, आधी तीच उठली. मग आणखी मुली आल्या. रोमहून, पोपकडून, याला परवानगी येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती परवानगी कुठे अडकून पडली होती कोण जाणे. मी महालात, नागपूरच्या जुन्या बाजारात, जाऊन पांढरा टेरीकॉट आणला आणि सगळ्यांचे झगे शिवले. पोरीचा झगा थोडा लांब ठेवला, वाढत्या अंगाचा.

ते फादर बदलून गेले आणि ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या सुरुवातीला हे नवे आले. वयानं तरुण, मराठी शुद्ध, पुस्तकातली. चार-पाच रविवार त्यांनी मुलींना पाहिलं आणि चेहरा आंबट केला, पण बोलले काही नाहीत. बोलले असते तर आम्ही ऐकलं असतं, भांडलो असतो, काहीतरी झालं असतं. बोलले थेट गुरुवारी, पोरगी झगा घालून उभी असताना.

तर मी मागे उभी होते. प्रवचन सुरू होतं. फादर सांगत होते की जो मोठा आहे त्यानं लहानाची सेवा करावी, गुडघे टेकावेत. माइकवर छान आवाज येतो त्यांचा. पुढे बारा खुर्च्या मांडलेल्या, त्यांत बारा पुरुष. खाली बारा जोड्या पाय, सगळे उजळ. त्या बाराजणांतला एक माझा मुलगा.

त्याचे पाय सकाळी सुनेनं घासले होते. तेच पाय जमिनीवर ठेवून तो बसला होता. पोरगी त्याच्यापुढून टॉवेल गुंडाळून गेली तेव्हाही तसाच बसला होता. मला वाटलं, गोंधळला असेल. मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तो फक्त मान खाली घालून होता.

मी पुढे गेले. प्रवचन संपलं होतं, फादर वरचा झगा उतरवत होते. मी मुलाच्या खुर्चीजवळ वाकले.

"तुले मालूम होतं?"

त्यानं पाय खुर्चीखाली ओढले.

"मी विचारून राहिली. मालूम होतं का?"

"आई, कौन्सिलमध्ये ठरलं होतं. मागच्या आठवड्यात. मले वाटलं फादर स्वतः सांगतील घरी येऊन."

चर्चचं कामकाज पाहायला एक कौन्सिल असतं, त्यात माझा मुलगा आहे. म्हणजे आठवडाभर पोरगी पेल्यावर चमचा वाजवत होती आणि बाप पेपर वाचत ऐकत होता.

"ऊठ," मी म्हटलं.

"आई, बस नं तिकडे जाऊन. लोक पाहून राहिले."

"तुह्या पोरीले पाहून राहिले होते तेव्हा कुठं होता तू? ऊठ."

तो उठला. माझा मुलगा भित्रा आहे, पण मला जास्त भितो. तो बाजूला झाला आणि मी खुर्चीत बसले. चप्पल काढली. माझे पाय कुणी घासलेले नव्हते. टाचा फुटलेल्या, नखांत माती, सकाळी अंगणात पाणी घालताना लागलेला चिखल वाळून बसलेला. तसेच पुढे केले.

तिकडे फादर टॉवेल शोधत होते. टेबलावर पाहिलं, खाली पाहिलं. मुलं इकडेतिकडे धावली. शेवटी त्यांनी हात पुसायचा छोटा नॅपकिन घेतला. तो कमरेला पुरला नाही, म्हणून हातातच धरला. टॉवेल कुठे गेला ते सगळ्या चर्चला माहीत होतं.

ते एकेकापुढे गुडघे टेकत आले. पाणी, नॅपकिन, पाऊल. माझ्यापर्यंत आले तेव्हा नॅपकिनचा पिळा झाला होता. त्यांनी माझे पाय पाहिले, मग मला पाहिलं.

"बाई," ते हळू म्हणाले, "इथे पुरुष बसतात."

"बसला होता," मी म्हटलं. "उठला."

"तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. नंतर बोलू."

"मी बसलेलीच आहे फादर. धुवा."

बायकांचेही पाय धुवायला आता रोमची मनाई नाही. हेही आधीच्या फादरांनीच सांगितलं होतं. पण धुवायलाच पाहिजेत असंही नाही, ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. यांची मर्जी नव्हती. ते गुडघ्यावरून उठले आणि पुढच्या माणसाकडे गेले. पुढचा माणूस म्हणजे आमच्याच गल्लीतला, माझ्या हातचं लोणचं वर्षानुवर्षं खाणारा. त्यानं घाईघाईनं आपला पाय पुढे केला. मला वाटलं होतं, हा तरी पाय मागे घेईल.

मिस्सा संपेपर्यंत मी तिथेच बसले. अनवाणी, कोरडी.

घरी आले तेव्हा पोरगी मोरीत होती. टॉवेल धुऊन तारेवर टाकला होता. तिनं मला एवढंच विचारलं, "घंटा कोणी वाजवली?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "त्याले तर धरताही येत नाही," आणि आत जाऊन झोपली. जेवली नाही. सून त्या रात्री मुलाशी बोलली नाही, आणि पुढेही बरेच दिवस.

आता बायकांचं सांगते, कारण त्यांचा राग मला फादरपेक्षा जास्त आला. ईस्टरनंतर महिला मंडळाची बैठक होती. मी म्हटलं, आपण सगळ्या मिळून फादरांकडे जाऊ. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं खरं आहे. पण पोरगी मोठी होऊन राहिली. उद्या पाळी आली अन् त्याच दिवसात वेदीवर गेली तर?"

"तर काय?"

"तर... बरं दिसत नाही नं."

"कोणाले दिसते?"

दोघीतिघी हसल्या. अध्यक्ष बाई लाल झाल्या. मी म्हटलं, "अवं, बायबलात बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईनं प्रभूच्या कपड्याले हात लावला, तर प्रभू बाटला नाही, ती बरी झाली. दरवर्षी वाचतो नं आपण? का नुसता आवाज करतो?" त्या म्हणाल्या, ते वेगळं. काय वेगळं, ते कुणी सांगितलं नाही. वेदीवरची चादर धुणारी बाई त्या चार दिवसांत चादर धुते, ते चालतं. फुलं लावते, ते चालतं. लादी पुसायला वेदीपर्यंत जाते, तेही चालतं. हातात पोछा असला की बाई शुद्ध. घंटा असली की अशुद्ध.

फादरांकडे कुणी आलं नाही. फादरच आमच्याकडे आले. ईस्टरनंतर ते घराघरांत जाऊन पवित्र पाणी शिंपडतात. सून चहा करायला गेली. मुलगा सोफ्याच्या टोकावर बसला, जणू तोच पाहुणा आहे. फादर मला म्हणाले, "बाई, तो टॉवेल चर्चचा आहे. मिळाला तर बरं होईल."

"धुऊन ठेवला आहे," मी म्हटलं. "तुम्ही पोरीले माफी मागा, अन् घेऊन जा."

"माफी कशाची? मी नियमाबाहेर काही केलेलं नाही. हा निर्णय त्या त्या फादरनं घ्यायचा असतो."

"पोरीले उघडं करून लोकांपुढून न्यावं, हा नियम आहे?"

"त्याचं मला वाईट वाटलं. वेळ नव्हता." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही समजून घ्या. वेदीवर सेवा करता करता मुलांच्या मनात फादर व्हायची इच्छा येते. मुली असल्या की मुलगे लाजतात, येत नाहीत. उद्या मिस्सा कोण करणार?"

"म्हंजे माही नात तिथं उभी राहते म्हणून तुम्हाले फादर भेटत नाही? मी सत्तर वर्षं मागे बसली. तेव्हा तर मुलगेच होते वेदीवर. सगळे झाले का फादर? हा एक माह्यापुढं बसला आहे. लहानपणी हाही घंटा वाजवायचा. विचारा त्याले काय झाला."

मुलगा एमआयडीसीत सुपरवायझर आहे.

पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ते मला माहीत नव्हतं. ती पुढे आली. "फादर," ती म्हणाली, "मी काय चुकली?"

"तू काहीच चुकली नाहीस, बाळ."

"मंग?"

फादरांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू मिस्सेला फुलं घेऊन ये. अर्पणाच्या वेळी. तेही फार सुंदर काम आहे."

"मले फुलं नाही न्यायची," ती म्हणाली. "मले घंटा येते."

ते उठले आणि पाण्याची बाटली काढली. मी दाराशी गेले आणि दार उघडून धरलं. "पाणी राहू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे नळाले येते." मुलगा म्हणाला, "आई, असं नको नं करू." फादर गेले. पाणी शिंपडलं नाही आणि टॉवेलही मिळाला नाही. गल्लीत चर्चा झाली की म्हातारी बिघडली. होऊ दे.

शहरात दुसरं एक चर्च आहे. जुनं, मोठं. तिथे मुली वेदीवर सेवा करतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. शहर तेच, बिशप तेच, मिस्सा तीच, भाकर तीच. फक्त फादर वेगळे. देव बसनं अर्ध्या तासात बदलतो का? हे मी कुणाला विचारलं तर मलाच म्हणतात, बाई, तुम्ही फार बोलता. आता दर रविवारी मी नातीला घेऊन तिथे जाते. बेशाहून एक बस, मध्ये उतरून दुसरी. उन्हात माझे गुडघे दुखतात. पोरगी म्हणते, "आजी, तू नको येऊ, मी जातो." मी जाते. तिथल्या फादरांनी तिचं नाव विचारलं, मी शिवलेला नवा झगा पाहिला आणि रांगेत उभं केलं, बस. इतकंच करायचं होतं. यात एवढं काय अवघड होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या पवित्र गुरुवारी मुलाला पुन्हा खुर्चीत बसायला बोलावलं. सकाळी तो मोरीत स्टूल टाकून बसला आणि सुनेला हाक मारली. सुनेनं वजरी आणि सोड्याचा डबा आणून त्याच्यापुढे ठेवला. "घासा," ती म्हणाली आणि गॅसवरची भाजी हलवायला गेली. त्यानं वजरी हातात घेतली, परत डब्याजवळ ठेवली. मग स्टूल उचललं आणि बाहेर आला. खुर्चीत बसायला गेला नाही. आमच्याबरोबर बसमध्ये बसला. एवढ्यानं मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी दुसऱ्या चर्चमध्ये ग्लोरियाची घंटा माझ्या नातीनं वाजवली. जिथे थांबायची तिथे थांबली. आमच्या बेशाच्या चर्चमध्ये मुली अजून वेदीवर नाहीत. टॉवेल माझ्या कपाटात आहे.

कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, वेदीपुढून टॉवेल गुंडाळून जी गेली ती माझी नात. तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून मी तिच्याबरोबर चालत होते.